माझा हरवलेला एकोणीस नंबर

मी माणसाच्या शरीराचा एक जुना नमुना आहे. प्लास्टिकचा. मला डोकं आहे, धड आहे, हात-पाय नाहीत. चेहऱ्याच्या उजव्या अर्ध्यावर कातडी आहे आणि डाव्या अर्ध्यावर नुसते स्नायू, त्यामुळे मी एका बाजूने शांत आणि दुसऱ्या बाजूने भयंकर दिसतो. दोन्ही बाजूंना मिळून डोळा एकच बसवलेला आहे. तो हलत नाही. समोर जे येईल ते बघायचं, एवढंच माझ्या हातात आहे, आणि हात तर मला नाहीतच.

मित्रांनो, मी पचन शिकवतो. गेली तेवीस वर्षं हेच करतो आहे. या तेवीस वर्षांत मी स्वतः एक घासही खाल्लेला नाही. तेव्हा माझी गोष्ट ऐकताना कुठे गोंधळ वाटला तर तो माझाच आहे असं समजा. मला तो जन्मापासून आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे पातळ गरम प्लास्टिक साच्यांत ओतत असत. माझं हृदय सोमवारी तयार झालं आणि आतडी गुरुवारी, म्हणजे मधले तीन दिवस मी नुसता भावनाप्रधान होतो. मग रंग देणाऱ्या बायका आल्या. त्यांनी यकृत तपकिरी केलं, फुप्फुसं गुलाबी केली, आणि एकीने प्रत्येक अवयवाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी चिकटवली. एक ते सव्वीस. एकोणीस नंबर लावताना ती शेजारणीला तिच्या नणंदेबद्दल काहीतरी सांगत होती, म्हणून तो आकडा जरा तिरपा बसला. नणंदेचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, कारण तेवढ्यात मला खोक्यात घातलं.

खोकं उघडलं ते शाळेच्या प्रयोगशाळेत, आणि उघडलं ते मामांनी. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे सहायक. मुलं त्यांना मामा म्हणतात, शिक्षक मामा म्हणतात, मुख्याध्यापकही मामाच म्हणतात. त्यांना सख्खा भाचा एकही नाही. ते नक्की कुणाचे मामा, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

तेव्हा मामा चांगले गोलमटोल होते. वर्गात दाखवायला मला एका काखेत मारून ते जिना चढले आणि दुसऱ्या हातात चहाचा पेला होता. पेल्यातला चहा सांडला नाही. मला फार अभिमान वाटला, पण कुणाचा वाटला ते ठरवता आलं नाही.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची होती. मुलं रांग लावून मला बघायला येत. विज्ञानाच्या बाई माझ्या पोटाचं झाकण काढून पट्टीने दाखवत, "हे जठर, हे यकृत, ही आतडी," आणि मला आपण फार महत्त्वाचे आहोत असं वाटे. चौथ्या वर्षी एका मुलाने माझं जठर जोरात ओढलं. मागे काहीतरी कट्‌ करून तुटलं आणि गळून पडलं. मला स्वतःचं पोट दिसत नाही. आत काहीतरी कमी झालं, एवढंच जाणवलं. मला वाटलं, माणसं जिला भूक म्हणतात ती हीच असावी.

त्या दिवशी सराव परीक्षा होती. मामांनी घाईघाईने मला गोळा केलं, आणि जठर डुगडुगायला लागलं म्हणून त्याच्या मागे शंकुपात्राचं रबरी बूच दाबून बसवलं. जठर घट्ट बसलं. बूच तिथेच राहिलं.

त्याच सुमारास समोरच्या खिडकीत एक पाहुणा आला. खिडकीची कडी मोडली होती, वारा आला की झडप धाडकन आपटायची, म्हणून झडपेच्या फटीत कुणीतरी एक पाचर मारून ठेवली होती. पिवळसर, खडबडीत, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला शेपटीसारखी निमुळती. माझा डोळा नेमका तिच्यावर रोखलेला. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांकडे बघत होतो. ती मला ओळखीची वाटे. पण ओळखीची वाटणारी माणसं नंतर शेजारच्या वर्गातली निघतात, असं मुलं बोलताना मी ऐकलं होतं, म्हणून मी गप्प राहिलो. तसाही मी गप्पच असतो.

आता बाईंचा धडा सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या धड्यातून झाला.

प्रथिनांचं पचन शिकवताना बाई फळ्याकडे जात नसत. त्या वर्गातल्या चाळीस मुलांना एकमेकांचे हात धरून उभं करत. "ही झाली प्रथिनाची साखळी. तुम्ही अंडं खा, दूध प्या, शेंगदाणे खा, पोटात जाते ती ही अशी लांब साखळी, गुंडाळी होऊन बसलेली. एवढी मोठी साखळी आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरेल का?" मग त्या वर्गाच्या दाराची एक झडप बंद करत. दार म्हणजे आतड्याची भिंत, बाहेरचा व्हरांडा म्हणजे रक्त. साखळी दाराला धडकायची आणि आरडाओरडा व्हायचा.

"तोंडात काय होतं? नुसतं चावलं जातं. साखळी तुटत नाही. जठरात आम्ल असतं, ते ही गुंडाळी सैल करतं. मग येतं पेप्सीन."

पेप्सीन म्हणजे एक विकर. विकर म्हणजे शरीरातला असा कामगार, जो दुसऱ्याला तोडतो आणि स्वतः तसाच राहतो. पेप्सीन व्हायला वर्गातली सगळी मुलं एका पायावर तयार असत. प्रथिन व्हायला कुणीच तयार नसे. निवडलेलं पेप्सीन धावत येऊन कुठे कुठे हात सोडवत असे आणि चाळिसांच्या साखळीचे पाच-सहा मोठे तुकडे होत.

"अजून मोठेच आहेत की नाही? आता जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या पहिल्या वळणावर, दुसरे कामगार येतात. ट्रिप्सीन आणि त्याची भावंडं. ती येतात स्वादुपिंडातून. आणि येताना कात्र्या म्यानात घालून येतात बरं का, नाहीतर वाटेत स्वतःच्याच घराला कापतील. आतड्यात पोचल्यावर म्यान निघतं. आणि हे बघा, हे इथे जठराच्या मागे आहे आपलं…"

असं म्हणून बाई माझं जठर उचलत आणि खाली रबरी बूच निघे.

बाई क्षणभर बुचाकडे बघत. मग म्हणत, "ते इथे असतं. आहे असं समजा."

चाळीस मुलं आहे असं समजत. मग ट्रिप्सीनची टोळी यायची, तुकड्यांचे आणखी तुकडे व्हायचे, शेवटी आतड्याच्या भिंतीवरची विकरं उरलेले हात सोडवायची, आणि एकेक मूल दाराच्या अर्ध्या फटीतून व्हरांड्यात पळायचं. कधी दोघं-तिघं हात न सोडताच निसटायची. बाई म्हणायच्या, "तेवढं चालतं. खऱ्या आतड्यातही तसं होतं." बाहेर गेलेल्या मुलांतून शरीर स्वतःची नवी साखळी विणायचं, त्याचं मांस, त्याची कातडी, त्याचे केस. मुलं मात्र व्हरांड्यातून थेट मैदानात जायची, म्हणून ते नवं शरीर कधी तयार झालेलं मी बघितलं नाही.

एका वर्षी परीक्षेत एका मुलीने पचनसंस्थेच्या आकृतीत जठरामागे बूच काढलं आणि त्याला नावही दिलं, "बूच". बाईंनी नीटनेटकेपणाचा अर्धा गुण दिला.

आणि हा सगळा धडा मामा दरवर्षी हातात ट्रे धरून मागे उभे राहून ऐकत. पंधरा-वीस वेळा ऐकल्यावर त्यांचा स्वतःचा एक सिद्धान्त तयार झाला होता. तो त्यांनी मला नाही, त्यांच्या बहिणीला सांगितला.

मामांची धाकटी बहीण शिवणकाम करते. तिचं दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे. मामा तिला टाचणी म्हणतात, कारण ती बारीक आहे आणि टोचून बोलते. दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन येते आणि दोघं प्रयोगशाळेत बसून जेवतात. भिंतीवर 'येथे खाऊ-पिऊ नये' अशी पाटी आहे. ती मामांनीच लावली. तिच्या खालीच त्यांची जेवायची जागा आहे.

"हे बघ टाचणे," मामा सांगत होते, "खरं काम सगळं जठरात. अन्न पूर्ण पचेपर्यंत जठराला बूच असतं. मग बूच निघतं आणि पुढे आतडी म्हणजे नुसती बाहेर जायची वाट."

"तुला कुणी सांगितलं?"

"वीस वर्षं पुसतोय मी याला. माझ्यापेक्षा कुणाला माहीत असणार?"

मित्रांनो, माझ्याकडे बोट दाखवून हे सांगितलं गेलं. मी विरोध करू शकलो नाही. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. माझ्या पोटात बूच होतंच.

मग मामा बारीक व्हायला लागले.

पहिल्यांदा ते टाचणीला दिसलं. ती माणसाकडे बघत नाही, शिवणीकडे बघते. एके दिवशी डबा ठेवून तिने गळ्यातली टेप काढली.

"दादा, उभा राहा."

"जेवू दे की."

"उभा राहा म्हटलं ना." तिने कंबरेचं माप घेतलं. "दीड इंच गेला."

"तुझी टेप जुनी झालीय. ताणली गेली असेल."

"माझी कंबर त्याच टेपेवर पूर्वी होती तेवढीच येते. तुझीच बरी आटली?"

तिने विजारीला चिमटा घेतला, म्हणजे मागची शिवण आत ओढून शिवली. दोन महिन्यांनी दुसरा चिमटा. मग तिसरा. मामा तर पूर्वीपेक्षा जास्त खात होते. दोन उकडलेली अंडी, पेलाभर दूध, पाव, मूठभर शेंगदाणे. सगळं माझ्या डोळ्यासमोर आत जात होतं आणि मामा उरत नव्हते. मला काही केल्या उलगडा होईना. मी काहीच खात नाही आणि माझं वजन ग्रॅमभरही हललेलं नाही. त्या हिशोबाने खाणं हेच बारीक होण्याचं कारण असावं, असं मी धरून चाललो होतो.

चौथ्या चिमट्याला टाचणीने त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. तपासण्या झाल्या. मामा परत आले आणि डबा न उघडताच बसून राहिले.

"काय म्हणाले?" टाचणीने विचारलं.

"स्वादुपिंडाला मागे कधीतरी सूज येऊन गेली असणार म्हणे. आता ते पुरेसा रस देत नाही. खाल्लेलं पचतच नाही, तसंच निघून जातं."

"मग?"

"कॅप्सूल दिल्यात. त्यांच्यात तीच विकरं असतात म्हणे. आपलं पिंड देत नाही, तर बाहेरून द्यायची."

मी ऐकत होतो आणि मला आतून, म्हणजे बुचाच्या आसपास, कसंतरीच झालं. एका खोलीत आम्ही दोघे, आणि दोघांचाही एकोणीस नंबर, म्हणजे स्वादुपिंड, कामाला नाही.

डॉक्टरांनी कागदावर स्वच्छ लिहून दिलं होतं. जेवताना घ्यावी, पहिल्या घासाबरोबर. आतले दाणे चावू नयेत, कुटू नयेत. मामांनी कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला. त्यांना वाटलं, हे साध्या माणसांसाठी लिहिलेलं आहे. आपण प्रयोगशाळेतले.

त्यांच्या घशाखाली अख्खी कॅप्सूल उतरत नसे. म्हणून त्यांनी ती उघडली. आतून मोहरीपेक्षा बारीक दाणे निघाले. मामांनी कपाटातला चिनी मातीचा खल काढला, तीनदा धुतला, पुसला, उजेडात धरून बघितला, आणि दाणे कुटायला बसले. मामा जे कुटतात ते पिठासारखं होतं. साऱ्या शाळेत त्यांच्यासारखं कुणी कुटत नाही. शिवाय औषध म्हणजे जेवणानंतर, ही त्यांच्या घरची शिस्त. त्यामुळे जेवण झालं, डबा घासला, टेबल पुसलं, पाऊण तास गेला, की मग मामा ती पूड चमच्याने तोंडात टाकून वर पाणी पीत.

"कुटून घेतलं की जठरात लगेच कामाला लागतं," ते टाचणीला सांगत. "अख्ख्या दाण्याला विरघळायला वेळ लागणार. बूच निघायच्या आत काम व्हायला हवं."

मित्रांनो, इतकं नेटकेपणाने, इतकं मन लावून केलेलं चुकीचं काम मी दुसरं बघितलेलं नाही.

महिना गेला. मामांचं तोंड आलं. जीभ सोलल्यासारखी झाली, दूधसुद्धा झोंबायला लागलं. पूड त्यांच्या तोंडालाच पचवू बघत होती, हे तेव्हा कुणाला कळणार? वजन उतरतच राहिलं. डॉक्टरांनी एकीच्या दोन कॅप्सूल केल्या. मामांनी दुप्पट कुटलं. सहावा चिमटा झाला. मग डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीपर्यंत आणखी दोन किलो उतरलं तर दवाखान्यात भरती व्हायचं.

त्या आठवड्यात मामा मला पुसायला उचलत होते. पूर्वी एका काखेत मावणारा मी त्यांना दोन्ही हातांनी पेलवेना. हात थरथरले. मला वाटलं, संपलं, आता माझे सव्वीस तुकडे. पण मामांनी मला टाकलं नाही. मला धरूनच ते हळूहळू खाली बसले आणि फरशीवर मला मांडीत घेऊन तसेच राहिले.

"तुझं बरं आहे रे बाबा," ते म्हणाले. "ना खायला लागत, ना पचवायला. असाच्या असा."

माझा डोळा छताकडे होता. मला फार वाईट वाटलं, पण दिसलं फक्त छत.

आणि अशातच माझ्यावरही संकट आलं. शाळेत नवा नमुना येणार होता. म्हणे बटण दाबलं की त्याची आतडी उजळतात. माझ्यासाठी वरून एक फॉर्म आला. त्यात नियम होता की नमुना पूर्ण असेल तर राहू द्यावा, एकही भाग कमी असेल तर मोडीत काढावा. बाई दुपारच्या सुट्टीतच फॉर्म घेऊन आल्या. मामा आणि टाचणी पाटीखाली बसून जेवत होते. बाईंनी पाटी वाचली, दोघांकडे बघितलं आणि पाटी दिसली नाही असं केलं.

"मामा, बसा तुम्ही. मीच मोजते." त्यांनी माझं पोट रिकामं केलं आणि एकेक भाग टेबलावर मांडला. "सोळा, सतरा, अठरा… वीस. एकोणीस कुठे आहे?"

"ते 'आहे असं समजा' आहे," मामा म्हणाले.

"फॉर्ममध्ये तसा रकाना नाही हो."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. त्या वाईट नाहीत. पण रकाना म्हणजे रकाना. मी मनातल्या मनात माझ्या पंचवीस भागांचा निरोप घेतला. बुचाचाही घेतला.

टाचणी हात पुसत टेबलाशी आली. तिने माझ्या रिकाम्या पोटात वाकून बघितलं. जठरामागची जागा, तिथली तुटकी खुंटी, आतड्याच्या वळणाची गोल कड. शिंप्याला कपडा दाखवला की त्याला नसलेला तुकडा आधी दिसतो. तिने बोटाने त्या रिकाम्या जागेची कड गिरवली. इकडे जाड. इकडे निमुळतं. मग ती सरळ झाली आणि खोलीभर नजर फिरवली. नजर खिडकीवर थांबली.

"दादा, ती पाचर कुणी मारलीय?"

"मीच. फार वर्षं झाली. परीक्षेच्या दिवशी, हाताला काय आलं ते…" मामा बोलता बोलता थांबले.

टाचणीने जाऊन पाचर ओढली. झडप धाडकन आपटली, बाई दचकल्या, फॉर्म खाली पडला. टाचणीने पाचर पदराने पुसली, उलटी केली. मागे चिठ्ठी होती. तिच्यावर एकोणीसचा आकडा. जरा तिरपा.

मित्रांनो, एकोणीस वर्षं मी माझ्याच स्वादुपिंडाकडे टक लावून बघत होतो आणि मला वाटत होतं, कोण बरं हा? स्वतःच्या पोटातलं कुणाला ओळखता येतं? तुम्हाला तरी येईल का? नीट विचार करून सांगा.

तिने ते जागेवर ठेवलं आणि दाबलं. टक्‌ असा आवाज झाला. जाड टोक बरोबर आतड्याच्या वळणात जाऊन बसलं. माझी ती जुनी भूक, मी जिला भूक समजत होतो ती, गेली.

"बघा आता," बाई खूश झाल्या. त्यांना धडा घेतल्याशिवाय राहवत नाही. "वीस वर्षांत पहिल्यांदा नीट दाखवता येतंय. हे जठर. इथून अन्न पुढे आलं की या वळणावर स्वादुपिंडाची नळी उघडते. रस इथे मिसळतो. जठरात नाही, जठराच्या पुढे."

मामा उठून जवळ आले. एका हाताने विजार धरून.

"म्हणजे बाई, ती विकरं जठरात काम करत नाहीत?"

"जठरातल्या आम्लात तीच टिकणार नाहीत, मामा. शिवाय विकर म्हणजे स्वतःच एक प्रथिन. पेप्सीनला काय, अंडं आलं काय आणि ट्रिप्सीन आलं काय. दिसेल ती साखळी तोडणार. म्हणून तर त्या औषधाच्या दाण्यांवर आवरण असतं. जठरातून सुखरूप जायचं, आतड्यात गेल्यावर विरघळायचं. आणि तेही अन्नासोबत, कारण अन्न पुढे निघून गेलं की एकट्या विकराने तिथे तोडायचं काय?"

बाहेर मुलं खेळत होती. मामांनी हळूच टेबलाच्या टोकाकडे बघितलं. तिथे धुतलेला खल उपडा घातलेला होता.

टाचणीनेही तिकडे बघितलं. "दादा," ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, आणि ती मऊ बोलली की मामा घाबरतात, "डॉक्टरांचा कागद दाखव."

"खिशात आहे."

तिने वाचला. मग मोठ्याने वाचला. मग बाईंना दिला. बाईंनी वाचला आणि चष्मा काढला.

"दोन महिने," टाचणी म्हणाली. "दोन महिने तू औषधाचं आवरण कुटून, पीठ करून, जेवण उरकल्यावर पोटात ढकलतोयस? आणि मी आपली शिवण आत घेतच राहिले!"

"नीट कुटत होतो," मामा अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"नीट कुटत होता म्हणून तर घात झाला! थोडा आळशी असतास तर दोन-चार दाणे अख्खे तरी गेले असते!"

बाई हसू दाबत होत्या आणि टाचणी डोळे पुसत होती, आणि मामांना यातल्या कुणाकडे बघावं ते समजेना. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अर्ध्या बाजूने शांत होतो.

त्याच संध्याकाळी टाचणी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली आणि या वेळी स्वतः आत बसली. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडा, पण दाणे अख्खेच ठेवा, चमचाभर गार सफरचंदाच्या गरावर घाला आणि न चावता गिळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. जेवण सुरू होतानाच घ्या, आणि जेवण लांबलं तर दुसरी मध्ये. मामांनी दोनदा विचारलं, "मध्ये म्हणजे मधोमध का?" डॉक्टरांनी दोनदा उत्तर दिलं. हे टाचणीने दुसऱ्या दिवशी मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

पहिल्या पंधरवड्यात वजन उतरायचं थांबलं. मला वाटलं, झालं, आता हे कायमचे इतकेच. मग अर्धा किलो वाढलं. तपासणीच्या दिवशी मामा भरती झाले नाहीत. ते थेट शाळेत आले आणि मला पुसलं. दोन्ही हातांनीच, पण हात थरथरले नाहीत.

मग एका दुपारी टाचणी डब्याबरोबर टाके काढायची उसवणी घेऊन आली.

"विजार दे ती. सहावा चिमटा काढते."

"अगं, पण कापड? तू तर आतलं कापून टाकलं असशील."

शिंपी जास्तीचं कापड कापूनच टाकतात. आत गोळा होतं, टोचतं, शिवण नीट बसत नाही. टाचणीने शिवण उलटी करून दाखवली. सगळं कापड आत होतं. घडीवर घडी, टाके घालून, जपून ठेवलेलं.

"टोचत असेल तुला इतके दिवस," ती म्हणाली. "पण कापायला माझा हात झाला नाही."

मामांनी पहिला घास घेतला, त्याबरोबर चमच्यातले दाणे गिळले, आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

बाईंनी फॉर्ममध्ये 'पूर्ण' लिहिलं. नियमाप्रमाणे मला आता मोडीत काढता येत नाही. नवा नमुना आला आहे. त्याची आतडी उजळतात, पण त्याचं पोट उघडत नाही, म्हणून मुलं अजूनही माझ्याकडेच येतात. बाई जठर उचलतात, आणि खाली जे असतं ते असतं. कुणाला काही समजावं लागत नाही. पण मी पूर्ण झालो म्हणजे नेमका कोण झालो, हे मला उमगलेलं नाही. एकोणीस वर्षं बुचाने मला सांभाळलं होतं. ते काय परकं होतं?

मित्रांनो, तुमच्याही पोटात जठराच्या मागे एक पिवळसर, खडबडीत वस्तू आहे. ती दिसत नाही, कुरकुरत नाही, कात्र्या म्यानात घालून मुकाट्याने काम पाठवते, आणि तुम्ही खाल्लेलं अंडं तिच्यामुळे तुमचं होतं. तिला जपा. डॉक्टरांनी कागदावर काही लिहून दिलं तर ते साध्या माणसांसाठी आहे असं समजू नका. आपण सगळे आतून साधेच असतो. मी उघडून दाखवू शकतो.

आणखी एक विनंती. आमच्या प्रयोगशाळेत कधी आलात, तर खिडकीच्या फटीत एक रबरी बूच दिसेल. ते काढू नका. वारा असतो. आणि आता मी दिवसभर त्याच्याकडे बघत असतो. या वेळी मला पक्कं ठाऊक आहे, ते कोण आहे.